कॅरिबियनची सहल : तागा उलगडून पाहा, मग सौदा करा

सहलीचा विषय व्यापार-उद्योगाच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. ज्या खर्चात दुकानाचा एका हंगामाचा नफा जातो तो खर्च म्हणजे व्यवहारच, आणि व्यवहाराची चर्चा याच पानावर व्हायला हवी. गिऱ्हाईक आमच्या पेढीवर दोन पँटपीस घेताना कापड मुठीत चुरगळून पाहते, दाराशी उजेडात नेते, पन्हा मोजायला लावते, रंग जाणार नाही ना म्हणून चार वेळा विचारते. आम्ही स्वतः माल उचलताना तागा उलगडल्याशिवाय चेकवर सही करीत नाही. तेच आपण लोक परदेशी सहल घेताना मात्र निळ्या पाण्याचे एक चित्र आणि 'सर्व काही समाविष्ट' हे तीन शब्द पाहून लाखो रुपये मोजतो. हा प्रकार आमच्या समजुतीपलीकडचा आहे.

प्रथम एक गोष्ट साफ करतो. नुसता समुद्र आणि हॉटेल हवे असेल तर मुंबईहून दुबई, मालदीव, मॉरिशस जवळ आहेत. कॅरिबियन आपल्यासाठी जवळ नाही आणि स्वस्तही नाही. भारतातून तिकडे थेट विमान जात नाही. मुंबई ते लंडन नऊ-दहा तास, तिथून बार्बाडोस आणखी साडेआठ-नऊ तास आणि मधला मुक्काम वेगळा. घड्याळ साडेनऊ तास मागे जाते. मग तिकडे जावे कोणी? आमच्या मते ज्यांची घरे अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना पांगली आहेत त्यांनी. आज आपल्या बिरादरीत अशी घरे थोडी नाहीत. एक भाऊ इथे दुकानावर, दुसरा इंग्लंडात, तिसऱ्याची मुले टोरांटोत. टोरांटोहून बार्बाडोस पाच तासांच्या आसपास, लंडनहून एका झोपेचे अंतर. मे २०२५ मध्ये आम्हा तीन भावांची कुटुंबे तिथे जमली ती याच कारणाने. अम्मींचे वय ७९, गुडघे दुखरे, आणि धाकट्या भावाच्या दोन मुलांना त्यांनी फक्त मोबाईलवर पाहिले होते. फिजूलखर्चीचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. ज्याच्यावर हज फर्ज आहे आणि बाकी आहे, किंवा ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याच्यासाठी हा लेख नाहीच.

आता मालाकडे वळू. 'कॅरिबियनला जायचे आहे' असे म्हणणे म्हणजे दुकानात येऊन 'कापड द्या' असे म्हणणे. सुती की टेरिकॉट, कोणता काउंट, काय पोत, काहीच कळत नाही. ती बेटे एका घराण्याची नाहीत. ढोबळ मानाने त्यांचे दोन पोत आहेत. बार्बाडोस, अँटिग्वा, बार्बुडा, अँग्विला ही प्रवाळ आणि चुनखडीची बेटे. जमीन बरीचशी सपाट, वाळू पांढरी, पाणी काचेसारखे. सेंट लुशिया, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट ही ज्वालामुखीची बेटे. डोंगर, दाट झाडी, धबधबे, वळणाचे रस्ते, आणि पुष्कळ ठिकाणी वाळू काळसर. सेंट लुशियाचे पिटॉन नावाचे दोन सुळके २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि ते खरोखरच पाहण्यासारखे आहेत. पण मोठी विमाने उतरतात तो ह्युनोरा विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला, तर बरीच हॉटेले उत्तरेला. म्हणजे अठरा-वीस तासांच्या प्रवासानंतर आणखी दीड तास घाटाचा रस्ता. तरुण जोडप्याला त्याचे काही वाटणार नाही. ७९ वर्षांच्या बाईंना तो रस्ता दाखवणे आम्हाला मंजूर नव्हते. बार्बाडोस लांबीला सुमारे ३४ किलोमीटर आणि रुंदीला २३, क्षेत्रफळ ४३१ चौरस किलोमीटर, आपल्या मुंबईहूनही लहान. कुठेही उतरा, तासाभरात मुक्कामी पोचता.

ज्वालामुखी म्हणजे केवळ भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. माँटसेराटची राजधानी प्लिमथ १९९५ ला सुरू झालेल्या उद्रेकात राखेखाली गेली ती आजवर ओसाडच आहे. सेंट व्हिन्सेंटवर एप्रिल २०२१ मध्ये उद्रेक झाला तेव्हा हजारो माणसांना घरे सोडावी लागली. याचा अर्थ तिथे जाऊ नये असा नाही. जाण्यापूर्वी विचारावे, एवढाच.

दुसरी बाब कागदपत्रांची. बेटे शेजारी शेजारी असली तरी मालक वेगवेगळे आहेत. बार्बाडोस, त्रिनिदाद-टोबॅगो, जमैका, ग्रेनाडा, डॉमिनिका या देशांत भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या सहलीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परंतु प्युर्टो रिको आणि सेंट थॉमस ही अमेरिकेची, तिथे अमेरिकेचाच व्हिसा हवा. मार्टिनिक आणि ग्वादलूप फ्रान्सची, आणि युरोपचा नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. खरी मेख मात्र वाटेत आहे. अमेरिकेतून विमान बदलायचे तर तिथला व्हिसा हवाच. लंडनमार्गे जाताना विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असल्यास त्यात सवलत मिळते, पण ती अटींसह. 'बार्बाडोसला व्हिसा लागत नाही' एवढे ऐकून तिकीट काढणारा माणूस मुंबईच्या काउंटरवरूनच परत फिरू शकतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याच्या आठवड्यात वकिलातीच्या माहितीशी ताडून पाहावे. एजंटाच्या शब्दावर विसंबू नये.

तिसरी बाब हंगामाची, आणि इथेच व्यापाऱ्याची नजर कामाला येते. तिकडचा तेजीचा हंगाम मधल्या डिसेंबरपासून मधल्या एप्रिलपर्यंत. अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंडची थंडी चुकवायला माणसे येतात तेव्हा खोल्यांचे भाव चढलेले असतात. ईस्टर उलटला की ते उतरू लागतात. वादळांचा सरकारी हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत, त्यातही खरा जोर ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा. आता या दोन्हींच्या मधले काय उरते ते पाहा. ईस्टरनंतरचा एप्रिल आणि सबंध मे. भाव उतरलेला, वादळ अजून दूर, पावसाळा नीट सुरू व्हायचा. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडच्या शाळांना सुटी. आम्हाला तर ही सोय आपल्यासाठीच आखल्यासारखी वाटली. आपल्याकडचे लोक नेमके डिसेंबरच्या नाताळात जातात, जेव्हा साहेबलोक सर्वात जास्त पैसे मोजत असतात. ऐन लग्नसराईत शालूचा भाव विचारण्यासारखेच ते झाले.

वादळाचा धोका सर्वांना सारखा नाही. अरुबा, बोनेअर आणि क्युरासाव ही तीन डच बेटे दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ आहेत. वादळांची नेहमीची वाट त्यांच्या उत्तरेने जाते. त्रिनिदादही बरेचसे वाचते. ज्याला ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच रजा मिळते त्याने तिकडे पाहावे. बाकी ठिकाणी वादळ आले तर काय होते हे गेल्या काही वर्षांत जगाने पाहिले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये अर्माने बार्बुडा असे झोडपले की बेटावरची सगळी माणसे अँटिग्वाला हलवावी लागली. बेरिल तर १ जुलै २०२४ लाच ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर येऊन आदळले, म्हणजे हंगामाला जेमतेम महिना झाला असताना. आणि २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसाने जमैकाचा पश्चिम भाग उद्ध्वस्त केला, जिथे हॉटेलांची दाटी आहे. जमैकाचे बुकिंग करताना हॉटेल सुरू आहे का एवढेच विचारू नये. कोणत्या इमारती सुरू आहेत, स्वयंपाकघर कोणते चालू आहे, किनारा साफ झाला आहे का, हे लेखी विचारावे. तिथल्या माणसांना आज गिऱ्हाईक हवे आहे, म्हणून आम्ही जमैका टाळा असे म्हणणार नाही. उलट दुरुस्त झालेल्या हॉटेलात चांगला सौदा होऊ शकेल, पण नीट पाहून.

बेट ठरले म्हणजे निम्मेच काम झाले. आता त्याची बाजू. कापडाला जशी उलटी-सुलटी बाजू असते तशी या बेटांनाही असते. पूर्वेला अटलांटिक महासागर, लाटा उंच, ओढ जबरदस्त. पश्चिमेला कॅरिबियन समुद्र, शांत, तळ्यासारखा. बार्बाडोसच्या पूर्वेला बाथशेबा नावाचे गाव आहे. तिथले खडक आणि फेस पाहत तासभर बसावे, पण मुलांना पाण्यात सोडू नये. स्वस्त खोली दिसली आणि ती पूर्व किनाऱ्यावर निघाली, तर पोहण्याची हौस पोहण्याच्या तलावात भागवावी लागेल. शिवाय २०११ पासून एक नवीन दुखणे लागले आहे. सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ महासागरातून ढिगांनी वाहत येते, विशेषतः मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान, आणि किनाऱ्यावर कुजले की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. याचा मार प्रामुख्याने पूर्वेकडच्या किनाऱ्यांना बसतो. पश्चिम किनारा बहुतेक वाचतो. हॉटेलांच्या चित्रांत ते शेवाळ कधीच दिसत नाही. आमच्या मुक्कामात दोन सकाळी थोडे आले, नगरपालिकेची माणसे यावीत तशी माणसे आली, दुपारपर्यंत उचलून नेले.

आता हॉटेल. घरात सर्वात मोठा वाद इथेच झाला. पुतण्याचे म्हणणे असे, "बडे अब्बा, सगळं एकदाच भरून टाकू. खाणं, पिणं, खेळ, सगळं आत. खिशात हात घालायलाच नको." ऐकायला ही गोष्ट गोड आहे. या 'सर्व समाविष्ट' पद्धतीला जमैकात जोर आला. इसा कुटुंबाने १९७६ मध्ये निग्रिलला आणि १९७८ मध्ये ओचो रिओसला अशी हॉटेले काढली. १९८१ मध्ये बुच स्टुअर्ट यांनी माँटेगो बेला सँडल्स सुरू केले, आणि हा धंदा बेटाबेटांत पसरला. धंदा म्हणून आम्ही त्याला सलामच करतो. गिऱ्हाइकाचा सगळा पैसा आगाऊ आणि एकाच गल्ल्यात! परंतु गिऱ्हाइकाच्या बाजूने हिशेब मांडा. त्या एकरकमी भावात दारू धरलेली असते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. येणारा गोरा पाहुणा सकाळी अकरापासून पितो हे गृहीत धरून भाव काढलेला असतो. ज्या घरात एकही माणूस पीत नाही ते घर दुसऱ्यांच्या पेल्याचे पैसे भरते. शरीअतचा सवाल प्रत्येकाने आपल्या आलिमाला विचारावा. आम्ही तर फक्त वहीतला आकडा दाखवतो आहोत.

आणि खाणे? टेबलावर चाळीस पदार्थ, त्यातल्या हलालची खात्री कोण देणार? डुकराचे मांस आणि कोंबडी शेजारी शेजारी, चिमटा एकच. सॉसमध्ये वाइन, केकमध्ये रम. ही बेटे रमचे माहेरघर आहेत, तिथला सणासुदीचा काळा केकही रमात भिजवलेला असतो. शेवटी आपला माणूस मासे, भात, फळे आणि ब्रेडवर येतो. म्हणजे चाळीस पदार्थांचे पैसे भरून चार खायचे. यातली काही हॉटेले केवळ जोडप्यांसाठी आहेत, तिथे मुलांना आणि अर्थातच अम्मींना प्रवेशच नाही, हेही कित्येकांना बुकिंगच्या वेळी ठाऊक नसते.

पुतण्याला आम्ही कागदावर आकडे मांडून दाखवले. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण हिशेबाची रीत तीच. समजा 'सर्व समाविष्ट' हॉटेल माणशी रात्रीला २५० डॉलर घेते. सात मोठी माणसे, आठ रात्री, झाले १४,००० डॉलर, मुलांचे वेगळे. त्याउलट स्वयंपाकघर असलेली तीन बिऱ्हाडे रात्रीला १८० डॉलरप्रमाणे घेतली तर ४,३२० डॉलर, त्यावर कर आणि सर्व्हिस चार्ज मिळून २० टक्के धरा, ५,१८४. बाजारहाट, बाहेरचे जेवण आणि गाडी यांना दिवसाला २५० डॉलर, म्हणजे २,०००. एकूण ७,१८४. निम्म्याच्या आसपास. पुतण्या बी.कॉम. आहे, त्याने आकडे दोनदा तपासले आणि गप्प बसला. भाभींचे म्हणणे मात्र ऐकण्यासारखे होते. त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघर घेताय खरे, पण तिथेही रांधायचे आम्हीच का?" बोलणे वाजवी होते. ठराव असा झाला की नाश्ता पुरुषांनी करायचा, रात्रीचे जेवण एक दिवसाआड बाहेर. आम्ही अंडी बऱ्यापैकी करतो.

भाव वाचण्याची कलाही शिकून घ्यावी. हॉटेलने छापलेला भाव बहुधा उघडा असतो. त्यावर सरकारी कर, खोलीची पट्टी, सुमारे दहा टक्के सर्व्हिस चार्ज, कुठे 'रिसॉर्ट फी' असे एकेक चढत जाते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की सगळे धरून निघतेवेळी किती द्यायचे. दुसरा प्रश्न, भाव खोलीचा की माणशी? इंग्लंडच्या पॅकेजवाल्यांचा भाव बहुधा 'दोघांत एक खोली' धरून माणशी असतो. आपला माणूस तो खोलीचा समजून खूश होतो. तिसरा प्रश्न सर्वात मोलाचा, डॉलर कोणता? बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. हा भाव १९७५ पासून बांधलेला आहे. अँटिग्वा, सेंट लुशिया, ग्रेनाडा वगैरे बेटांचा पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून २.७० ला एक. सगळ्यांचे चिन्ह तेच. टॅक्सीवाल्याने 'चाळीस डॉलर' म्हटले तर बसण्यापूर्वी कोणते चाळीस ते विचारावे, कारण फरक दुपटीचा किंवा पावणेतीन पटीचा आहे.

खोलीच्या नावांतही मखलाशी असते. 'समुद्राचे दर्शन' म्हणजे गॅलरीत वाकून, झाडाच्या फटीतून दिसणारी निळी पट्टीही असू शकते. 'समुद्रासमोर' म्हणजे समोर समुद्र आहे, पण मध्ये रस्ताही असू शकतो. 'किनाऱ्यावर' हा शब्द असेल तरच पाय थेट वाळूत. आम्ही हॉटेलांशी फोनवर बोललो. वेळेच्या फरकामुळे आपल्याकडची रात्र हाच तिथला दिवस, तेव्हा दुकान बंद करून घरी आल्यावर हे काम निवांत होते. आम्ही विचारले ते असे. तळमजल्याची खोली आहे का, दारापासून वाळूपर्यंत पायऱ्या किती, न्हाणीघरात टबावर चढावे लागते का, बेसिनखाली बादली मावते का. एका ठिकाणच्या बाईंनी पायऱ्या मोजून सांगितल्या. चौदा. तिथला भाव चांगला होता, तरी सोडून दिले. दुसऱ्या ठिकाणी फोन उचलणारा म्हणाला, 'थोड्याशा आहेत.' थोड्याशा म्हणजे किती हे त्याला शेवटपर्यंत सांगता आले नाही. तेही सोडले. तिसरे ठिकाण दक्षिण किनाऱ्यावर, वर्दिंग भागात, एका स्थानिक कुटुंबाच्या मालकीचे. पायऱ्या दोन. मालकीणबाईंनी आपणहून विचारले की तुम्ही डुकराचे खात नसाल तर तवे-पातेली नवी ठेवू का. बोलणी तिथेच संपली.

पश्चिम किनारा अधिक शांत आणि अधिक महाग. दक्षिण किनाऱ्यावर बसची सोय चांगली. आम्ही गेलो तेव्हा कुठेही उतरा, भाडे साडेतीन बार्बाडोस डॉलर. नळाचे पाणी पिण्यालायक, चुनखडीतून गाळून आलेले. सगळे किनारे कायद्याने सर्वांना खुले. म्हणजे भारी हॉटेलासमोरच्या वाळूतही साध्या माणसाला बसता येते. वाणसामान मात्र महाग, कारण बहुतेक माल बाहेरून येतो. मसाले, डाळ, चहा आम्ही मुंबईहून नेला होता. ताजी मासळी ऑइस्टिन्सच्या बाजारात मिळते. 'फ्लाइंग फिश' आणि कूकू हे तिथले राष्ट्रीय जेवण. कूकू म्हणजे मक्याच्या पिठाचा भेंडी घातलेला घट्ट लपका. अम्मींनी एक घास घेऊन बाजूला सारला, मासा मात्र मागून घेतला.

हलाल मांसाची चिंता बार्बाडोसमध्ये फारशी नाही, आणि त्यामागची कथा आमच्या धंद्याची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस काही बंगाली आणि त्यांच्या मागोमाग सुरत जिल्ह्यातील गुजराती मुसलमान त्या बेटावर पोचले. धंदा काय? कापडाचे गाठोडे खांद्यावर घेऊन उसाच्या मळ्यांतील वस्त्यांत दारोदार फिरायचे, माल उधार द्यायचा आणि दर आठवड्याला हप्ता गोळा करायचा. त्यांच्या पुढच्या पिढ्यांची आज ब्रिजटाउनमध्ये दुकाने आहेत. केन्सिंग्टन न्यू रोडवर जुमा मशीद आहे. २९ जून २०२४ रोजी भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला ते केन्सिंग्टन ओव्हल मैदान तिथून जवळच. जुम्याच्या नमाजनंतर एका वृद्ध दुकानदाराशी गाठ पडली. गुजराती-उर्दू मिसळून बोलत होते. सुरतेच्या आणि भिवंडीच्या भावांची त्यांनी अशी चौकशी केली की जणू उद्याच माल भरायचा आहे.

कापडवाल्याने त्या बेटांवर डोळे उघडे ठेवावेत असे आणखीही काही आहे. जगातील सर्वात लांब धाग्याच्या कापसाच्या जातीचे शास्त्रीय नावच बार्बाडोसवरून पडले, गॉसिपियम बार्बाडेन्स. वेस्ट इंडीजचा सी आयलंड कापूस हा याच घराण्यातला. आपल्याकडे कोइमतूरच्या संशोधन केंद्रातून १९७४ साली आलेली सुविन ही जात म्हणजे सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट यांचा संकर, नावातच दोघांची अक्षरे आहेत. ज्या सुविनच्या शर्टिंगचा भाव आपण टाचणीने टोचून विचारतो, तिची एक आजी त्या बेटांवरची. आणि सेंट लुशिया, डॉमिनिका, मार्टिनिक, ग्वादलूप येथील बायकांच्या पारंपरिक पोशाखात चौकडीचे जे कापड असते त्याला ते आजही 'मद्रास' म्हणतात. कोरोमंडलच्या विणकरांचे रुमाल जहाजांतून तिकडे जात असत, त्याची ही खूण. आता दुकानांत मिळते ते पुष्कळदा छापील असते. विकत घेण्यापूर्वी उलटी बाजू पाहावी, चौकडी दोन्हीकडे सारखी उमटली असेल तर विणीची.

कापडावरूनच एक सावधगिरीची सूचना. बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका, सेंट लुशिया अशा कित्येक देशांत लष्करी ठिपक्यांचा, म्हणजे कॅमोफ्लाज कपडा सामान्य माणसाने घालणे गुन्हा आहे. लहान मुलांचीही सुटका नाही. आपल्या बाजारात या नमुन्याच्या पँटी आणि टोप्या पोरांसाठी हातोहात खपतात, म्हणून बॅग भरताना पाहून घ्यावे.

ज्यांना किनाऱ्यापेक्षा माणसे आणि जेवण हवे त्यांनी त्रिनिदादचा विचार करावा. ३० मे १८४५ रोजी मजुरांना घेऊन तिथे पोचलेले पहिले जहाज 'फतेह अल रज्जाक' हे मुंबईच्या इब्राहीम बिन युसुफ या व्यापाऱ्यासाठी बांधलेले होते. १९१७ पर्यंत लाखाहून अधिक हिंदी माणसे त्या मार्गाने गेली. आज तिथे दिवाळीला सुटी, ईद-उल-फित्रला सुटी, ३० मे लाही सुटी. रोटी, दालपुरी, आणि छोल्यांचे 'डबल्स' रस्त्यावर मिळतात. हलाल कोंबडी शोधावी लागत नाही. पोहण्यासाठी जोडबेट टोबॅगो आहे, विमानाने अर्ध्या तासाच्या आत. दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. तिथे गुन्हेगारीमुळे डिसेंबर २०२४ आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती, तेव्हा जाण्यापूर्वी परिस्थिती पाहावी. आणि त्रिनिदाद हे पिवळ्या तापाच्या यादीत आहे. तिथून परतणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी. साठीच्या पुढील माणसांनी आधी डॉक्टरला विचारावे, कारण त्या वयात ही लस सर्वांना मानवत नाही. अम्मींना सोबत न्यायचे तर त्रिनिदाद नको, हे आम्ही या एका कारणावरून ठरवले होते.

एकाच सहलीत तीन-चार बेटे करण्याचा मोह टाळावा. नकाशावर ती बोटभर अंतरावर दिसतात, पण बेटाबेटांमधली विमाने थोडी, तिकिटांवर करांचा बोजा भारी, आणि वेळापत्रक भरवशाचे नाही. पन्नास वर्षांहून जुनी लिआट कंपनी जानेवारी २०२४ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्या नावाची नवी कंपनी उडू लागली. जोडणारे विमान चुकले तर हॉटेलची एक रात्र बुडते आणि ती कोणी परत देत नाही.

पैसे भरण्याविषयी थोडे. इथल्या कंपनीकडून परदेशी टूर पॅकेज घेतले की टी.सी.एस. कापला जातो. आयकरात तो वळता होतो, पण तोवर रक्कम अडकून पडते, आणि भांडवल अडकण्याची किंमत या पानाच्या वाचकांना सांगायला नको. बुकिंग करताना रद्द करण्याची अट शब्द न् शब्द वाचावी. वादळ आले तर हॉटेल पैसे परत देते की पुढची तारीख देते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विमा वादळाला नाव पडण्यापूर्वी घेतलेला असावा लागतो. वादळ टी.व्ही.वर दिसू लागल्यावर घेतलेल्या विम्याचा त्या वादळापुरता उपयोग नसतो.

लहान, घरगुती मालकीच्या ठिकाणांशी थेट बोलल्यास भावात घासाघीस होते. आठ रात्रींच्या भावात नववी रात्र आम्हाला मिळाली, ती केवळ मागितली म्हणून. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. ती पाहून त्यानंतरचा दुसरा आठवडा धरावा, आणि फोन आदल्या नोव्हेंबरात लावावा, कारण डिसेंबर उजाडला की त्या मंडळींना बोलायला फुरसत नसते.